स्नॅपशॉट काढला म्हणजे बॅकअप झाला का? हापूसच्या कारखान्यातली एक गोष्ट

(या भागाचं लिखित रूप. बोलताना आलेले "अं… म्हणजे" काढलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

रत्नागिरीतून बोलतोय. बाहेर पाऊस आहे, मध्येच पत्र्यावरचा आवाज ऐकू आला तर समजून घ्या. आणि लाईट गेली तर हा भाग इथेच संपला असंही समजून घ्या, कारण माझ्या यूपीएसची बॅटरी म्हातारी झालीये.

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं की "दादा, स्नॅपशॉट बॅकअपचं प्लगइन कसं सेट करायचं ते एकदा नीट सांग. आमच्याकडे काही मशीन्स ऑफिसात आहेत, काही क्लाउडवर, आणि गोंधळ होतो." विचारणारे बहुतेक डिप्लोमा किंवा बीएस्सी आयटी करून नुकतेच नोकरीला लागलेले आहेत. पण बाकीच्यांनी पळू नका. तुमच्या खिशातला फोन रोज रात्री हेच काम करतो, त्यामुळे तिथूनच सुरुवात करू.

व्हॉट्सअ‍ॅप घ्या. अँड्रॉइडवर रात्री दोनच्या सुमाराला ते तुमच्या चॅटची एक प्रत फोनमध्येच ठेवतं. अशा साधारण सात दिवसांच्या प्रती फोनमध्ये असतात. शिवाय तुम्ही सेटिंग चालू केलं असेल तर एक प्रत गुगल खात्यात जाते. आता समजा एखादी चॅट चुकून उडाली, तर फोनमधली प्रत कामाला येते. पण फोनच भाट्याच्या किनाऱ्यावर सेल्फी काढताना समुद्रात गेला, तर त्या सात प्रतीही त्याच्याबरोबर गेल्या. तेव्हा फक्त गुगलवरची उरते. ती शेवटची कधी गेली होती? हे आपल्यातल्या कितीजणांनी बघितलंय? आत्ता थांबा, सेटिंगमध्ये जाऊन तारीख बघा. मी वाट बघतो.

बघितली? काहींच्या तोंडातून "अरे देवा" निघालं असणार. माझ्याही निघालं होतं. फक्त माझ्या बाबतीत ते फोनवर नाही, एका कारखान्यात निघालं होतं.

गोष्ट सांगतो. रत्नागिरीच्या आसपास आंब्याचा पल्प आणि कॅनिंग करणारे बरेच कारखाने आहेत. त्यातल्या एकाचं संगणकाचं काम मी बघायचो. नाव सांगत नाही, कारण चूक त्यांची नव्हती, माझी होती. तिथे दोन सर्व्हर आणि एक स्टोरेजचा डबा. त्यावर सहा व्हर्च्युअल मशीन्स. व्हर्च्युअल मशीन म्हणजे काय, तर एका मोठ्या संगणकात पार्टिशन घालून केलेल्या वेगवेगळ्या खोल्या. प्रत्येक खोलीला वाटतं की अख्खं घर आपलंच. एका खोलीत हिशेब, एकीत फायली, एकीत सगळ्यांचे पासवर्ड सांभाळणारा सर्व्हर, आणि सर्वांत महत्त्वाच्या खोलीत बॅचच्या नोंदींचा डेटाबेस.

ही बॅचची नोंद म्हणजे काय ते आंबेवाल्यांना माहीत आहे. कुठल्या दिवशी कुणाकडून किती फळ आलं, पल्पचा ब्रिक्स किती, आंबटपणा किती, डबा किती तापमानाला किती मिनिटं ठेवला, डब्यावर कुठला क्रमांक मारला. परदेशी जाणाऱ्या मालाच्या मागे हे कागद लागतात. नोंद नसेल तर माल गोदामात पडून राहतो. वर्षाचा सगळा धंदा एप्रिल ते जून असतो, आणि कॅनिंगची खरी धावपळ मे महिन्यात, जेव्हा बाजारातला भाव उतरतो आणि टेम्पोच्या टेम्पो दारात उभे राहतात.

तर हंगाम सुरू व्हायच्या आधी मालकांनी मला बोलावलं. २०२१ च्या जुलैतला चिपळूणचा पूर त्यांनी जवळून बघितला होता. २२ जुलैला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं आणि दुकानं, दवाखाने, ऑफिसं, तळमजल्यावरचं सगळं बुडालं. १८६४ सालचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरही त्यातून सुटलं नाही. तुम्हाला ती एसटी आगाराची बातमी आठवत असेल. आगार व्यवस्थापक नऊ लाखांच्या आसपासची रोकड घेऊन बसच्या टपावर तासन् तास बसून राहिले होते. मालक मला म्हणाले, "आपला डेटा पण असा टपावर नेऊन ठेव. आमच्याकडे बस नाही, ते क्लाउड का काय ते बघ."

बॅकअपची इतकी चांगली व्याख्या मी कुठल्या पुस्तकात वाचलेली नाही.

आता तांत्रिक भाग. मी उदाहरण घेणार आहे ते व्हीएमवेअर आणि नेटअ‍ॅपच्या जोडीचं, म्हणजे व्हीस्फिअरसाठीच्या स्नॅपसेंटर प्लगइनचं, कारण मला तेच हाताळायला मिळालं. तुमच्याकडे वेगळं असेल. ब्रॉडकॉमने २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये व्हीएमवेअर घेतल्यापासून लायसन्सचा खर्च बघून बरेच छोटे लोक प्रॉक्समॉक्सकडे वळलेत. बटणांची नावं बदलतील, पण विचार तोच राहतो.

आधी एक घोळ मिटवू. "स्नॅपशॉट" हा शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतात, आणि मुलाखतीत इथेच मुलं अडकतात.

पहिला व्हीएमवेअरचा स्नॅपशॉट. तुम्ही मशीनवर उजवं बटण दाबून काढता तो. तो काढला की मूळ डिस्क गोठते, आणि पुढचं सगळं लिखाण एका नवीन फाइलमध्ये व्हायला लागतं. वहीच्या पानावर ट्रेसिंग पेपर ठेवून त्यावर लिहिण्यासारखं. पेपर काढला की जुनं पान तसंच. पण दिवस जातील तसा तो पेपर जाड होत जातो, मशीन मंदावतं, आणि शेवटी डेटास्टोअर भरून सगळंच थांबतं. म्हणून व्हीएमवेअर स्वतः सांगतं की असा स्नॅपशॉट ७२ तासांपेक्षा जास्त ठेवू नका. अपडेट मारण्याआधी काढायचा आणि काम झालं की पुसायचा. हा बॅकअप नाही. मूळ पान फाटलं तर नुसत्या ट्रेसिंग पेपरचं काय करणार?

दुसरा स्टोरेजचा स्नॅपशॉट. इथे स्टोरेजचा डबा कुठलाही डेटा कॉपी करत नाही. आत्ता कुठला तुकडा कुठे आहे याची फक्त यादी जपून ठेवतो, आणि त्या यादीतले तुकडे पुसायचे नाहीत असं ठरवतो. नवीन लिखाण नव्या जागी जातं. म्हणून टेराबाइटच्या व्हॉल्यूमचा स्नॅपशॉटही काही सेकंदांत होतो आणि सुरुवातीला जागा जवळपास लागतच नाही. ऑनटॅपमध्ये एका व्हॉल्यूमवर असे १०२३ पर्यंत ठेवता येतात. एवढे ठेवावेत असं नाही, ठेवता येतात.

मग प्लगइन कशाला? कारण स्टोरेजला खोल्या दिसत नाहीत, त्याला फक्त घर दिसतं. आत डेटाबेस एखादा व्यवहार अर्धा लिहीत असताना त्याने फोटो काढला तर तो फोटो म्हणजे अचानक लाईट गेल्यासारखी अवस्था. बहुतेक वेळा मशीन त्यातून उठतं, पण "बहुतेक वेळा" वर कुणाचा हंगाम टांगायचा नसतो. प्लगइन मधला माणूस आहे. तो व्हीसेंटरला सांगतो, "मशीन क्षणभर शांत कर." व्हीसेंटर मशीनमधल्या व्हीएमवेअर टूल्सना सांगतं, टूल्स विंडोजच्या व्हीएसएसला सांगतात, व्हीएसएस डेटाबेसला म्हणतं "हातातलं लिहून संपव, श्वास रोखून धर." मग व्हीएमवेअरचा छोटा स्नॅपशॉट, त्यावर स्टोरेजचा स्नॅपशॉट, आणि लगेच तो पहिला ट्रेसिंग पेपर काढून टाकायचा. ग्रुप फोटोच्या वेळी मामा ओरडतो ना, "हलू नका रे!" तसं.

आता बसवणं. प्लगइन हे स्वतःच एक छोटं लिनक्स मशीन म्हणून येतं. ते व्हीसेंटरमध्ये उभं करायचं, आयपी द्यायचा, आणि व्हीसेंटरचं एक खातं द्यायचं. इथे दोन गोष्टी. एक म्हणजे त्याला अ‍ॅडमिनचं खातं देऊ नका, त्याच्यासाठी वेगळं सेवा-खातं काढा आणि लागतील तेवढेच हक्क द्या. नाहीतर तीन महिन्यांनी कुणीतरी अ‍ॅडमिनचा पासवर्ड बदलतो आणि त्या रात्रीपासून बॅकअप मुकाट्याने बंद. दुसरी गोष्ट, वेळ. मशीनचा टाइमझोन बघा. तो यूटीसीवर राहिला आणि तुम्ही रात्री ११ ची वेळ लावली, तर बॅकअप आपल्याकडे पहाटे साडेचारला सुरू होईल. कारखान्यात पहाटे पाचची पाळी असेल तर बोंब. माझ्याकडे हे झालं होतं, पण तिसऱ्याच दिवशी सापडलं म्हणून ते मी चुकीत धरत नाही.

त्यानंतर प्लगइनला स्टोरेजची ओळख करून द्यायची. दोन्ही बाजूंची: इथला डबा आणि पलीकडचा. पलीकडे म्हणजे क्लाउडवर त्याच जातीचं स्टोरेज भाड्याने मिळतं. आम्ही अ‍ॅमेझॉनच्या मुंबई रिजनमध्ये घेतलं होतं. रत्नागिरीपासून सुमारे साडेतीनशे किलोमीटर, डेटा देशातच, आणि आपल्या नदीला पूर आला तर तिथे पाणी जाणार नाही एवढं अंतर. या दोन डब्यांमध्ये स्नॅपमिररचं नातं जोडायचं. ते प्लगइन जोडत नाही बरं का, ते तुम्हाला स्टोरेजवर आधी करून ठेवावं लागतं. प्लगइन फक्त "चला, आता नवीन काय आलंय ते पाठव" एवढं म्हणतं.

पहिल्यांदा सगळा डेटा जातो. इथे पाटी-पेन्सिल घ्या. आमचा डेटा १.२ टेराबाइट होता आणि लाइनचा अपलोड वेग ५० एमबीपीएस. म्हणजे सुमारे ५३ तास, तेही लाइन अखंड मिळाली तर. महामार्गाचं काम चालू असताना कोकणात फायबर किती वेळा तुटते हे मी तुम्हाला काय सांगू. आम्हाला सहा दिवस लागले. नंतर रोज फक्त बदललेले तुकडे जातात. ते आमच्याकडे २० जीबीच्या आसपास, म्हणजे तासाभराचं काम. हा हिशेब आधी करा. रोजचा बदल रोज रात्रीत जात नसेल, तर तुमची क्लाउडवरची प्रत दर दिवशी थोडी थोडी मागे पडत जाणार.

आता पॉलिसी. यात चार प्रश्नांची उत्तरं द्यायची: किती वेळाने, किती दिवस ठेवायचे, मशीन शांत करायचं का, आणि नंतर पलीकडे पाठवायचं का. आम्ही डेटाबेसच्या मशीनसाठी दर दोन तासांनी इथल्या इथे आणि रोज रात्री एक पलीकडे असं ठरवलं. हे ठरवताना मालकांना "आरपीओ किती हवा" असं विचारू नका, ते तुमच्याकडे बघत राहतील. विचारा, "दुपारी चारला सगळं गेलं, तर किती तासांच्या नोंदी परत हाताने भरायची तयारी आहे?" उत्तर लगेच येतं. आमच्याकडे काकू होत्या, प्रयोगशाळेतल्या. त्या म्हणाल्या, "दोन तासांच्या भरीन. त्यापुढे तू ये भरायला."

दर दोन तासांच्या बॅकअपला मी मशीन शांत करण्याचा पर्याय बंद ठेवला, फक्त रात्रीच्याला चालू. कारण शांत करताना मशीन क्षणभर अडखळतं, आणि कॅनिंगच्या लाइनवर वजनकाटा थेट डेटाबेसला नोंद पाठवत असतो. यावर वाद होऊ शकतो. मला अजूनही तो निर्णय बरोबर वाटतो.

पुढे रिसोर्स ग्रुप, म्हणजे कुठल्या मशीनला कुठली पॉलिसी. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, जी कागदपत्रांत असते पण कुणी वाचत नाही. तुम्ही ग्रुपमध्ये एकच मशीन टाकलंत, तरी स्टोरेज स्नॅपशॉट अख्ख्या व्हॉल्यूमचा काढतं. म्हणजे त्याच डेटास्टोअरवर सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग असेल, तर आंब्याच्या नोंदी जपताना तुम्ही गेटवरच्या कुत्र्याचं चित्रणही जपताय, आणि ते लाइनवरून मुंबईला पाठवताय. ज्या मशीन्सना एकसारखं सांभाळायचंय ती एका डेटास्टोअरवर ठेवा, कचरा वेगळ्यावर. शिवाय एखाद्या मशीनच्या डिस्का दोन डेटास्टोअरवर पसरलेल्या असतील तर काय करायचं, असं प्लगइन विचारतं. सगळी घ्या, असं सांगा. मशीनचं धड इथे आणि डोकं तिथे, आणि फोटो फक्त धडाचा, असं नको.

आणि आता ती जागा, जिथे मी मार खाल्ला.

पॉलिसीमध्ये पलीकडे पाठवायचं म्हटलं की एक छोटा रकाना येतो: स्नॅपशॉटचं लेबल. काढलेल्या प्रत्येक स्नॅपशॉटला ही चिठ्ठी चिकटते. पलीकडच्या स्टोरेजवर एक नियम असतो, की अमुक चिठ्ठी असलेलेच स्नॅपशॉट घ्यायचे आणि इतके दिवस ठेवायचे. एसटीच्या पार्सलसारखं आहे. डब्यावर "चिपळूण" लिहिलेलं नसेल तर चिपळूणचा हमाल तो उतरवून घेत नाही, डबा तसाच बसमध्ये. पलीकडच्या मूळ नियमात "डेली" आणि "वीकली" अशा चिठ्ठ्या होत्या. मी पॉलिसीत लेबल लिहिलं "हापूस-रात्र". मला तेव्हा ते फार छान वाटलं होतं.

परिणाम काय? पहिली पूर्ण प्रत गेली, कारण पहिल्या खेपेला लेबल बघितलं जात नाही. १२ एप्रिलला ती पोचली. मी पलीकडे जाऊन बघितलं, डेटा दिसला, खूश झालो, मालकांना फोन करून सांगितलं "टपावर ठेवलं साहेब." त्यानंतर रोज रात्री इथे स्नॅपशॉट होत होता, पलीकडे अपडेटची आज्ञा जात होती, आणि तिकडच्या नियमात बसणारं काहीच नसल्याने काहीच उतरत नव्हतं. मेलच्या सेटिंगमध्ये मी "फक्त एरर असेल तर कळव" निवडलं होतं, कारण रोजचे मेल कोण वाचणार? एरर नव्हती. मेलही नव्हता.

तुम्ही पार्सल पाठवता आणि पलीकडून फोन आला नाही, तर पोचलं असं धरता का? मी धरलं.

२० मे. संध्याकाळी वळवाचा पाऊस आला, विजांसकट. कारखान्याच्या मागे कुठेतरी वीज पडली आणि यूपीएस असूनही स्टोरेजचा कंट्रोलर गेला. अर्थिंग नीट नव्हतं हे नंतर कळलं. डिस्क शाबूत, पण डबा मुका. मुंबईहून भाग यायला चार दिवस लागणार. बाहेर अंगणात टेम्पो उभे, फळ पिकत चाललेलं. आंबा काही तुमच्या कंट्रोलरसाठी थांबत नाही.

मी अगदी शांत होतो. लॅपटॉप उघडला, म्हटलं क्लाउडवर कालची प्रत आहे, ती घेऊ. यादी उघडली. एकच ओळ होती. १२ एप्रिल.

अडतीस दिवस. अख्खा हंगाम.

तेव्हा पोटात जे झालं ते मी पॉडकास्टवर नीट सांगू शकत नाही. मालक शेजारी उभे होते. मी त्यांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत, फक्त खुर्ची ओढून बसले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

मग काकू आल्या. मी म्हटलं, "काकू, तुमच्या वह्या आहेत ना?"

"असायला काय झालं? तुमची लाईट गेली की कॉम्प्युटर जातो, माझी वही नाही जात. पण अडतीस दिवसांचं कोण भरणार आहे?"

"मी भरतो."

"तू एकटा? तुझं अक्षर लावायला आणखी माणूस लागेल. सर बाजूला."

क्लाउडवरच्या त्या जुन्या प्रतीची क्लोन काढली, त्यातून डेटाबेसची फक्त १८० जीबीची डिस्क खाली ओढली. पन्नासच्या वेगाने आठ तास. पहाटे एका साध्या डेस्कटॉपवर डेटाबेस उभा राहिला, १२ एप्रिलपर्यंतचा. क्लाउडवरच का नाही चालू केलं? कारण तिकडे आम्ही फक्त गोदाम भाड्याने घेतलं होतं, कारखाना नाही. प्रत असणं वेगळं आणि ती चालवायला तिकडे सर्व्हर तयार असणं वेगळं. हे मी करारात वाचलं होतं, पण समजलं त्या रात्री. डेटा परत ओढायचे पैसेही वेगळे लागले, ते बिल बघून अकाउंटंटने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ते असो.

चार दिवस आम्ही पाचजणांनी वह्यांवरून नोंदी भरल्या. काकू वाचायच्या, आम्ही टाइप करायचो. चौथ्या दिवशी कंट्रोलर आला, बसवला, आणि जुन्या डिस्क जशाच्या तशा वर आल्या. सगळा डेटा सापडला, अगदी वीज पडायच्या आधीच्या दोन तासांतलाही. म्हणजे आम्ही भरलेलं अर्धंअधिक वाया गेलं. काकूंना हे सांगायची हिंमत मालकांनी केली, मी नाही. पण त्या चार दिवसांत कारखाना थांबला नाही, आणि एकही कंटेनर कागदांवाचून अडकला नाही.

लेबल दुरुस्त करायला मला दोन मिनिटं लागली.

आता तुमच्यासाठी. हे फक्त माझ्यासारख्या गाववाल्याच्या बाबतीत होतं असं समजू नका. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबच्या एका इंजिनिअरने चुकून मुख्य डेटाबेसमधली सुमारे ३०० जीबीची फोल्डर उडवली. मग एकेक बॅकअप उघडायला गेले, तर कुठला चालतच नव्हता, कुठला कधी झालाच नव्हता, आणि बिघाडाचे मेल येऊन पडत नव्हते. वाचवलं कुणी, तर सहा तास आधी कुणीतरी दुसऱ्याच कामासाठी हाताने काढलेल्या एका स्नॅपशॉटने. दुसरं, ऑस्ट्रेलियातला युनिसुपर हा पेन्शन फंड. मे २०२४ मध्ये गुगल क्लाउडवरचं त्यांचं अख्खं खासगी क्लाउड पुसलं गेलं. कारण? मांडणी करताना एक रकाना रिकामा राहिला होता. दोन ठिकाणी प्रती होत्या, पण दोन्ही एकाच खात्याखाली, दोन्ही गेल्या. त्यांनी दुसऱ्या पुरवठादाराकडेही बॅकअप ठेवला होता, त्याचा आधार झाला. रकाना रिकामा राहिला काय किंवा माझ्यासारखा हौसेने भरला काय, सारखंच.

आता मी काय करतो ते सांगतो. मेल "एरर किंवा वॉर्निंग" वर आहे, पण मी त्यावर विसंबत नाही. रोज सकाळी चहा पिताना पलीकडच्या बाजूला जाऊन एकच आकडा बघतो, लॅग टाइम. म्हणजे पलीकडची शेवटची प्रत किती तास जुनी आहे. रात्रीचा बॅकअप असेल तर तो आकडा सकाळी चोवीसच्या आतच राहिला पाहिजे. तीस झाला की चहा खाली ठेवायचा. इकडच्या बाजूने "पाठवलं" म्हणणारी हिरवी खूण मला नको, तिकडच्या बाजूने "मिळालं" हवं.

आणि महिन्यातून एकदा, पहिल्या शनिवारी, पलीकडच्या प्रतीतून डेटाबेस खरोखर उभा करतो. नुसता मशीन चालू होतं का एवढंच नाही. काकूंना फोन करतो, "काकू, काल संध्याकाळची शेवटची बॅच कुठली?" त्या वहीतून सांगतात, मी स्क्रीनवर बघतो. जुळलं तर जुळलं. त्यात किती वेळ लागला तो कागदावर लिहून ठेवतो, म्हणजे मालकांनी विचारलं की "किती तासांत चालू होईल" तर अंदाजपंचे सांगावं लागत नाही.

रॅन्समवेअरबद्दल दोन वाक्यं, कारण त्यावर पूर्ण भाग करायचाय. जुलै २०२४ च्या अखेरीस सहकारी आणि ग्रामीण बँकांना सेवा देणाऱ्या एका तंत्रज्ञान कंपनीवर असा हल्ला झाला आणि एनपीसीआयला तिला पेमेंटच्या जाळ्यापासून काही काळ तोडावं लागलं. सुमारे ३०० छोट्या बँकांच्या ग्राहकांना त्याचा फटका बसला. असे चोर आत आले की आधी बॅकअप शोधतात. तुमच्या प्लगइनच्या खात्याला स्नॅपशॉट पुसायचा हक्क असतो, म्हणजे ते खातं ज्याच्या हातात त्याच्याकडे किल्ली. म्हणून पलीकडच्या प्रती ठरावीक दिवस कुणालाच पुसता येणार नाहीत अशा कुलुपात ठेवा. ऑनटॅपमध्ये ९.१२.१ पासून तशी सोय आहे, बाकीच्या क्लाउडवरही असते. फक्त किती दिवस ते विचार करून लावा, कारण ते कुलूप तुम्हालाही उघडत नाही, आणि जागेचं भाडं चालू राहतं.

आणि हो, प्लगइनचं ते छोटं मशीन, त्याच्या स्वतःच्या सेटिंगचाही बॅकअप असतो. तो त्याच डब्यावर ठेवू नका. मी तो पेनड्राइव्हवर काढून काकूंच्या कपाटात ठेवलाय, वह्यांच्या शेजारी. त्यांनी त्यावर चिठ्ठी चिकटवलीये. मी विचारलं, "काय लिहिलंत?"

म्हणाल्या, "डेली. दुसरं काही लिहून चालत नाही ना तुझ्याकडे."

लाईट अजून आहे, आश्चर्य आहे. तुमच्या लॅग टाइमचा आकडा किती निघाला ते मला व्हॉइस नोटने पाठवा. लाज वाटली तर नाव सांगू नका. भेटू पुढच्या भागात.